नाफ्प्लियो : तीन रात्री, तीन किल्ले आणि आसपासचा अर्गोलिस

अथेन्सहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींत नाफ्प्लियोच्या वाट्याला जेमतेम दीड तास येतो. सकाळी कोरिंथचा कालवा, मग मायसिनी, जेवण, एपिडॉरस आणि मध्ये कुठेतरी ‘फोटोसाठी थांबा’. बसमधून उतरलेली मंडळी धक्क्यावर उभी राहतात, पाण्यातल्या किल्ल्याचा फोटो काढतात, आइस्क्रीम खातात आणि पुन्हा बसमध्ये चढतात. माझं सांगणं नेमकं उलट आहे. बिऱ्हाड नाफ्प्लियोत टाका आणि मायसिनी, टिरिन्स, एपिडॉरस ही प्राचीन अवशेषांची ठिकाणं तिथून करा. सगळी तीस किलोमीटरच्या आत आहेत. किमान तीन रात्री राहा.

गाव ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, अर्गोलिसच्या आखाताच्या टोकाशी आहे. गावाला तीन किल्ले आहेत : डोंगरावर पालामिदी, गावाला चिकटलेल्या खडकावर आक्रोनाफ्प्लिया आणि समुद्रात बुर्त्झी. सह्याद्रीत किल्ले हिंडलेल्या माणसाला इथे फार परकं वाटत नाही, आणि त्यात शब्दांचाही हात आहे. बुर्त्झी हा मूळ अरबी ‘बुर्ज’, तुर्कांबरोबर इकडे आलेला. आपला बुरूज त्याच घरातला. आक्रोनाफ्प्लियाला तुर्क ‘इच काले’ म्हणजे आतला किल्ला म्हणत. त्यातलं ‘काले’ आणि आपला ‘किल्ला’ सख्खे भाऊ. खडकाच्या पायथ्याशी कोळ्यांची जुनी वस्ती आहे, तिचं नाव प्सारोमाहलास. ‘प्सारी’ म्हणजे मासा आणि ‘माहलास’ म्हणजे आपला मोहल्ला! माझ्या आत्याला (वय अडुसष्ट, शाकाहारी, हरिश्चंद्रगड तीनदा) हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग एवढे पैसे खर्चून आलो कशाला?” तिला घेऊनच मी हा प्रवास केला. त्यामुळे पुढच्या सूचनांत तिचे गुडघे आणि तिचं जेवण हे दोन्ही आहेत.

आधी : कधी जायचं आणि कागदपत्रं

एप्रिलची अखेर ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. अर्गोलिसचं मैदान संत्र्यांच्या बागांनी भरलेलं आहे. एप्रिलमध्ये झाडं फुलावर असतात तेव्हा शेजारच्या अर्गोस गावाकडून येणाऱ्या बसची खिडकी उघडी असेल तर वास आत येतो. जुलै-ऑगस्ट टाळा. उन्हाची लाट आली की सरकार पुरातत्त्वस्थळं भर दुपारी बंद ठेवतं आणि तुमचं वेळापत्रक कोलमडतं. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो, त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण. हिवाळ्यात गाव छान शांत असतं, पण स्थळं दुपारी लवकर बंद होतात. सबब सगळी भटकंती सकाळीच.

वार फार महत्त्वाचा. अथेन्सच्या लोकांसाठी नाफ्प्लियो म्हणजे आपल्या पुणे-मुंबईकरांचं लोणावळा-अलिबाग. शुक्रवारी संध्याकाळी गाव भरतं, रविवारी संध्याकाळी रिकामं होतं आणि खोल्यांचे दर त्याच चालीने वरखाली होतात. रविवारी दुपारी पोहोचून बुधवारी निघणं सगळ्यात स्वस्त आणि शांत. फक्त वस्तुसंग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तो वार आधी बघून ठेवा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि प्रवासविम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. सहलीत दोन-तीन देश असतील तर ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. ग्रीसमध्ये तीन आणि इटलीत सात रात्री असतील तर ग्रीसकडे अर्ज करू नका.

पोहोचणं

रेल्वेचा विचार सोडून द्या. नाफ्प्लियोला जुनं, देखणं स्टेशन आहे, पण गाडी येत नाही. पेलोपोनीजच्या या भागातली मीटरगेज २०११ पासून बंद आहे. बसच घ्यायची. जिल्ह्याजिल्ह्यांच्या बससंस्थांना तिथे ‘क्तेल’ म्हणतात. आपल्या एसटीसारखंच, सगळ्यांच्या तोंडी तेवढंच नाव. अथेन्सच्या विमानतळावरून एक्स-९३ क्रमांकाची बस थेट किफिसोस बसस्थानकावर सोडते. तिथून नाफ्प्लियो सुमारे १४० किलोमीटर, वेळ दोन ते अडीच तास. किफिसोस हे स्थानक मोठं, कळकट आणि गोंधळाचं आहे. खिडक्या जिल्ह्यांनुसार आहेत, तेव्हा ‘अर्गोलिदा’ ही पाटी शोधा. नाफ्प्लियो ही पाटी शोधत बसलात तर बस जाईल.

वाटेत बस इस्थमोसला थांबते. कोरिंथचा कालवा तिथेच. १८९३ मध्ये पूर्ण झालेला, सहा किलोमीटरहून थोडा लांब, दोन्ही बाजूंना उभे कातीव कडे. बसमधून तो पापणी लवेपर्यंत दिसतो आणि जातो. खास उतरून बघायचा की नाही हे तुमच्या सामानावर ठरवा. मी उतरले नाही आणि मला त्याची चुटपुटही लागली नाही.

नाफ्प्लियोचं बसस्थानक सिंग्रू रस्त्यावर, जुन्या गावाच्या तोंडाशीच आहे. जुन्या गावात वाहनं फारशी शिरत नाहीत, आणि वरच्या अंगाच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. चाकांची बॅग तिथे डोक्यावर घ्यावी लागते. खोली ठरवताना ‘समुद्र दिसतो का’ याआधी ‘रस्त्यापासून किती पायऱ्या’ हे विचारा. आमच्या घराला गल्लीतल्या बेचाळीस आणि आतल्या सतरा होत्या. आत्याने मोजल्या. प्रत्येक वेळी मोजल्या.

एक सूचना इथेच. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे हो. नाही म्हणायला ‘ओही’, किंवा नुसती मान मागे टाकून भुवया उडवतात, कधी जिभेने ‘च्’ करतात. हे मला पाठ होतं. तरी दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर मी “मिकिनेस?” (मायसिनीचं ग्रीक नाव) असं विचारलं, आतल्या बाईंनी “ने, ने” म्हणत हात हलवला आणि मी सरळ मागे फिरले. आत्या म्हणाली, “नाही म्हणतायत ना? चल, चहा घेऊ.” आम्ही कॉफी घेतली आणि मायसिनीची बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. पुढची दोन तासांनी होती.

पहिली संध्याकाळ : नुसतं गाव

पोहोचल्या दिवशी किल्ला चढू नका. सिंतग्मा चौकात जा. चौकाची फरशी पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी इतकी गुळगुळीत झाली आहे की पावसात ती काचेसारखी चमकते आणि तशीच घसरते. मुलं तिथे फुटबॉल खेळतात, आजी-आजोबा कडेच्या खुर्च्यांत बसून बघतात. एका बाजूला १७१३ ची व्हेनिसवाल्यांची कोठाराची दगडी इमारत आहे, तिच्यात आज पुरातत्त्व संग्रहालय आहे. समोर एक जुनी मशीद, जी पुढे सभागृह झाली. मागच्या अंगाला दुसरी मशीद, जिला ‘वूलेफ्तिको’ म्हणतात, म्हणजे संसद. तुर्कांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ग्रीकांची विधानसभा तिथे भरत असे.

कारण अथेन्सच्या आधी हे गाव आधुनिक ग्रीसची राजधानी होतं. पहिला राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास जानेवारी १८२८ मध्ये इथे उतरला. राजधानी १८३४ मध्ये अथेन्सला गेली. मधल्या वर्षांत देश उभा करण्याची बरीचशी धडपड याच चार गल्ल्यांत झाली. चौकातून वर चढणाऱ्या गल्लीत संत स्पिरिदोनचं लहानसं चर्च आहे. ९ ऑक्टोबर १८३१ च्या सकाळी कापोदिस्त्रियास प्रार्थनेला आला आणि दारातच माव्रोमिखालिस घराण्यातल्या दोघांनी त्याला मारलं. घराण्याच्या प्रमुखाला त्याने कैदेत टाकलं होतं, त्याचा हा सूड. दाराशेजारच्या भिंतीत गोळीची म्हणून दाखवतात ती खूण काचेखाली जपली आहे. खूण तळहाताएवढीही नाही आणि बऱ्याच जणांना ती दिसतच नाही. दाराच्या उजव्या हाताला बघा.

मग धक्क्यावर या. सूर्य आखातापलीकडच्या आर्कादियाच्या डोंगरांमागे जातो आणि बुर्त्झी काळा होत जातो. धक्क्यावरची हॉटेलं जागेचे पैसे घेतात. कॉफी तिथे घ्या, जेवायला आतल्या गल्लीत जा.

दुसरा दिवस : पालामिदी, पण आठ वाजता

पालामिदी गावाच्या पूर्वेला, २१६ मीटर उंचीच्या डोंगरावर आहे. गावातून चढणारा जिना पश्चिमेच्या अंगाला आहे, म्हणजे सकाळी तो डोंगराच्या सावलीत असतो आणि दुपारी तव्यासारखा तापतो. एवढं एक ध्यानात ठेवलंत तरी निम्मा त्रास वाचतो. किल्ला उघडतो त्या वेळेला दारात असाल असं निघा.

पायऱ्या ९९९ आहेत असं गावातला प्रत्येक जण सांगतो. मोजणाऱ्यांचा आकडा मात्र दरवेळी वेगळा निघतो, साधारण साडेआठशे ते नऊशेच्या दरम्यान. आत्याचा ८७१ होता आणि त्यावर ती ठाम आहे. पायऱ्या झिजून गुळगुळीत झालेल्या. काही ठिकाणी कठडा कमरेएवढाही नाही. चपला-सँडल नकोत. पाणी खालूनच घ्या, माणशी लिटरभर. नेहमी चालणाऱ्याला अर्धा तास लागतो, बाकीच्यांना पाऊण.

गुडघ्यांचा त्रास असेल तर मागच्या बाजूने गाडीरस्ता थेट वरच्या दरवाजाशी जातो. बहुतेक जण टॅक्सीने वर जाऊन पायऱ्यांनी उतरतात. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला सांगायला नको की गुडघ्यांचा कस उतारावर लागतो. म्हणून आम्ही उलटं केलं : हळूहळू चढलो आणि टॅक्सीने उतरलो. टॅक्सीवाल्याशी परतीची वेळ आधी ठरवा, वर आपोआप गाडी मिळेलच असं नाही.

आता किल्ला. व्हेनिसच्या लोकांनी तो १७११ ते १७१४ अशा तीन वर्षांत उभा केला, म्हणजे इकडे बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली त्या सुमाराला. वसईचा किल्ला पाहिला असेल तर आखणी चटकन ओळखू येईल : तोफांच्या जमान्याचे कोनदार, उतरत्या भिंतींचे बुरूज. पण पालामिदीची खरी गंमत वेगळी आहे. इथे आठ बुरूज आहेत आणि प्रत्येक बुरूज हा स्वतःपुरता वेगळा किल्ला आहे; स्वतंत्र तट, स्वतंत्र दरवाजा. एक पडला तरी शेजारच्याने लढत राहावं, असा हिशेब. फिरताना प्रत्येक दरवाजावर संत मार्कचा पंखवाला सिंह शोधा, व्हेनिसचं राजचिन्ह ते. आणि दोन बुरुजांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहून जंग्या कुठे रोखल्यात ते बघा. काही चक्क शेजारच्या बुरुजाकडे तोंड करून आहेत.

एवढा हिशेब करूनही तो १७१५ मध्ये, बांधून वर्ष उलटतं न उलटतं तोच तुर्कांनी घेतला. किल्ला चिरेबंदी, पण लढायला शिबंदीच पुरेशी नव्हती. पुढे १८२२ च्या नोव्हेंबरात, संत आंद्रेयासच्या सणाच्या आदल्या रात्री, स्ताइकोस स्ताइकोपुलोसच्या लोकांनी तो परत घेतला. ते चढले अकिलीस बुरुजावरून. त्या अंगाचा तट सगळ्यात बुटका. आज तिथे उभं राहिलं की का तिथूनच, हे सांगावं लागत नाही. आत्या म्हणाली, “घोरपडसुद्धा लागली नसती.”

संत आंद्रेयासच्या बुरुजात त्याच नावाचं चॅपेल आहे आणि अंगणाखाली पाण्याचं मोठं टाकं. स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी थिओदोरोस कोलोकोत्रोनिस याला नव्या राजवटीने राजद्रोहाच्या आरोपाखाली याच किल्ल्यात डांबलं, १८३४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली आणि पुढच्या वर्षी माफ केलं. त्याची म्हणून जी कोठडी दाखवतात तिचं दार इतकं बुटकं आहे की ओणवं होऊन, जवळजवळ रांगत आत जावं लागतं. आत मिट्ट काळोख. मोबाइलचा दिवा लावायच्या आधी दहा सेकंद तसेच उभे राहा.

वरच्या बुरुजांवर कठडे नाहीत आणि गवतात मोकळ्या विहिरींसारखी भोकं आहेत. मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका. अकराच्या आत सगळं बघून खाली या.

दुपार : एक चिलखत

उन्हाच्या वेळेला संग्रहालय. घाईत असाल तर बाकी सगळं सोडा आणि देंद्राचं चिलखत बघा. जवळच्या देंद्रा गावात १९६० मध्ये एका थडग्यात सापडलेलं हे पूर्ण कांस्य चिलखत साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं आहे : गळ्यापासून मांड्यांपर्यंत एकाखाली एक पट्ट्या, वर मानेभोवती उंच कॉलर, आणि रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. पाहताक्षणी वाटतं, हे घालून माणूस हलणार कसा? हीच शंका संशोधकांनाही होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्रीक मरीन सैनिकांनी याची प्रतिकृती घालून अकरा तास लुटूपुटूची लढाई केली आणि ती झेपली. म्हणजे हे मिरवण्यापुरतं नव्हतं.

संध्याकाळ : खडकाला वळसा, मग बुर्त्झी

आक्रोनाफ्प्लियाचा खडक ही नाफ्प्लियोची सगळ्यात जुनी वस्ती. तटाच्या तळाशी प्राचीन ग्रीक चिरे, वर बायझंटाइन, त्यावर व्हेनिसचे. एकाच भिंतीत तीन राजवटी वाचता येतात, फक्त भिंतीच्या जवळ जाऊन दगडांचे आकार बघायला हवेत. इथे तिकीट नाही, रखवालदार नाही. प्सारोमाहलासच्या गल्ल्यांतून चढा.

खडकाच्या समुद्राकडच्या अंगाने, पाण्याला लागून, धक्क्यापासून अर्वानितियाच्या किनाऱ्यापर्यंत किलोमीटरभराची फरसबंद पायवाट आहे. एका बाजूला निवडुंग आणि कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. दरड कोसळली की ही वाट बंद करतात. अडसर लावलेला असेल तर मुकाट्याने मागे फिरा. अर्वानितियाचा किनारा गोट्यांचा आहे, पाणी लगेच खोल होतं.

बुर्त्झीला धक्क्यावरून लहान होड्या जातात. तो व्हेनिसवाल्यांनी १४७३ मध्ये बांधला, म्हणजे शिवरायांनी सिंधुदुर्गाचं काम काढलं त्याच्या जवळजवळ दोन शतकं आधी. पण सिंधुदुर्ग किंवा जंजिरा डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. हा एवढासा आहे. जंजिऱ्याच्या दोन-तीन बुरुजांत मावेल. त्याचं काम एकच होतं : इथून किनाऱ्यापर्यंत साखळी ताणून बंदराचं तोंड बंद करायचं. पुढे पालामिदीच्या तुरुंगात फाशी देणाऱ्या जल्लादांना राहायला हीच जागा दिली गेली, कारण गावात त्यांना कुणी शेजारी घेईना. त्यानंतर काही दशकं तिथे चक्क हॉटेल होतं! होडीवाल्याला आधी विचारा : बेटावर उतरवणार की नुसता वळसा घालून आणणार. पैसे रोख ठेवा.

तिसरा दिवस : मायसिनी, आणि वाटेत टिरिन्स

मायसिनीला नाफ्प्लियोहून थेट बस दिवसाला मोजक्याच. चालकाकडून परतीची वेळ विचारून कागदावर लिहून घ्या. परतीची चुकली तर पायथ्याच्या गावातून टॅक्सी किंवा तीन-चार किलोमीटर चालत हमरस्त्यावरचं फिख्ती गाव. तिथून अर्गोसकडे जाणारी बस मिळते. चौघं असाल तर एक दिवस गाडी भाड्याने घेणं परवडतं. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या.

सिंहद्वार इ.स.पू. १२५० च्या आसपासचं. फोटोत दिसतं त्यापेक्षा ते बुटकं वाटतं, पण आत शिरण्याआधी डावीउजवीकडचे तट बघा. शत्रू दाराशी येईपर्यंत तिन्ही बाजूंनी माऱ्यात येतो आणि उजव्या, म्हणजे ढाल नसलेल्या बाजूला बुरूज पुढे काढला आहे. रायगडाच्या महादरवाजाची चिंचोळी, वळणाची वाट आठवते. फक्त हे त्याच्या तीन हजार वर्षं आधीचं.

आत शिरताच उजवीकडे गोल कबरस्थान, जिथे हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्याला १८७६ मध्ये सोन्याचे मुखवटे सापडले. अगामेम्नॉन हा पुराणकथेतला मायसिनीचा राजा, ट्रोजन युद्धातला ग्रीकांचा सेनापती. ‘अगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणून गाजलेला तो एक, मूळ अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ट्रोजन युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून तीनएक शतकं जुना आहे. म्हणजे अगामेम्नॉनचा असणं शक्य नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

लोक राजवाड्याच्या चौथऱ्यापर्यंत जाऊन परततात. तुम्ही थेट पूर्व टोकाला जा. तिथे तटाखालून पायऱ्या जमिनीत उतरतात, खाली गुप्त टाकं आहे. बाहेरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांनी त्यात आणलेलं. वेढा पडला तरी पाणी तुटू नये, ही किल्लेदाराची आदिम काळजी. टॉर्च हवाच. तळापर्यंत जाऊ देतात की नाही ते त्या दिवशीच्या अडसरावर अवलंबून, पण पहिल्या वळणापर्यंत गेलात तरी गारवा अंगावर येतो.

मुख्य स्थळाच्या अलीकडे, रस्त्यालगत ‘अत्रेयसचा खजिना’ म्हणतात ती थोलोस-कबर आहे. तेच तिकीट चालतं, म्हणून ते फेकू नका. साडेचौदा मीटर व्यासाचा, मधमाशांच्या पोळ्यासारखा दगडी घुमट; चुना नाही, एकावर एक पुढे सरकवलेले थर. दाराच्या कपाळपट्टीचा आतला दगड सुमारे १२० टनांचा. आत मधोमध उभं राहून हळूच टाळी वाजवा.

टिरिन्स नाफ्प्लियोपासून जेमतेम चार किलोमीटरवर, अर्गोसच्या रस्त्याला लागूनच. अर्गोसच्या बस भरपूर आहेत. चालकाला ‘तिरिन्था’ सांगा. इथे गर्दी नसते. तटाचे दगड इतके प्रचंड की पुढच्या ग्रीकांना वाटलं, हे एकाक्ष राक्षसांनीच रचले असणार. ‘सायक्लोपीय’ हा शब्द त्यावरूनच. तटाच्या पोटात टोकदार छताच्या दालनांचे बोळ आहेत. त्यांच्या भिंती ठरावीक उंचीपर्यंत गुळगुळीत दिसतील. शतकानुशतकं मेंढ्या इथे आसऱ्याला येत, त्यांची अंगं घासून झालेली ही झिलई. हात लावून बघा, आणि ती उंची मेंढीच्या पाठीशी ताडून बघा.

जेवण : एक शब्द पाठ करा

शाकाहारी माणसाचे ग्रीसमध्ये हाल होतात असं ऐकून आत्याने दोन किलो थालीपीठाची भाजणी बरोबर घेतली होती. ती जवळजवळ सगळी परत आली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपास वर्षात खूप असतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूधदुभतं चालत नाही. म्हणून ‘निस्तीसिमो’, म्हणजे उपासाचं, हा शब्द कुठल्याही खानावळीत समजतो. एक मेख मात्र लक्षात ठेवा : त्यांच्या उपासाला कोळंबी, ऑक्टोपस, माकूळ चालतात! आणि तारामोसलाता नावाची गुलाबी चटणी माशांच्या अंड्यांची असते. तेव्हा ‘निस्तीसिमो’ म्हणून झाल्यावर पदार्थ बोट दाखवून विचारा.

बिनधास्त मागवण्यासारखं : ‘यिगांतेस’ (टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे पावटे), ‘ब्रियाम’ (बटाटा-वांगं-दुधीसदृश भाजी भट्टीत), ‘फासोलाक्या’ (फरसबीची रसभाजी), ‘फावा’ (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि तेल), ‘होर्ता’ (उकडलेली रानभाजी, लिंबू). भरलेल्या टोमॅटो-मिरच्यांत कधी खिमा असतो, कधी नुसता भात. ‘होरीस किमा’, खिम्याशिवाय, असं म्हणा. शेवटी ‘हल्वास’ मागवा. तो तिळाचाही असतो, पण रव्याचा मिळाला तर समोर येईल तो चक्क साच्यात घातलेला शिरा, तुपाऐवजी ऑलिव्ह तेलातला. आत्या पहिल्या घासाला थबकली, दुसऱ्याला म्हणाली, “रवा थोडा जास्त भाजलाय, पण चांगलाय.”

चौथा दिवस : एपिडॉरस, नाहीतर नुसतं पाणी

एपिडॉरसचं नाट्यगृह इ.स.पू. चौथ्या शतकातलं. खाली ३४ रांगा, वर २१, बारा हजारांहून जास्त माणसं बसतात. मार्गदर्शक मधोमध उभा राहून नाणं टाकतो, काडी ओढतो, कागद फाडतो आणि वरच्या रांगेतले माना डोलावतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी असं मांडलं की पायऱ्यांची रचना गर्दीची खालच्या पट्टीतली कुजबुज गाळून टाकते आणि बोलण्याचे स्वर पुढे जातात. दहा वर्षांनी आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठाने प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा कुजबुज फक्त पुढच्या रांगांनाच नीट कळते असं दिसलं. मोठ्याने, नटासारखं बोललेलं मात्र शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जातं. तेव्हा नाणं टाकू नका. एकाने वर जाऊन बसा, दुसऱ्याने खालून चार ओळी म्हणा. आत्याने ‘शुभंकरोति’ म्हटलं, मला वर शब्दन् शब्द ऐकू आला, आणि खालच्या एका जपानी गटाने टाळ्या वाजवल्या.

नाट्यगृह हा देवस्थानाचा एक भाग होता. मूळ जागा आस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेची. आजारी माणसं तिथे एका ओवरीत झोपत आणि देव स्वप्नात येऊन उपाय सांगत असे. संग्रहालय छोटं आहे, त्यातली शस्त्रक्रियेची हत्यारं चुकवू नका. जुलै-ऑगस्टच्या शुक्रवार-शनिवारी इथे प्राचीन नाटकं होतात. बसायला दगड असतो, उशी न्या. टाचांच्या चपला घालून आत सोडत नाहीत. रात्री परतीची सोय तिकीट काढतानाच पक्की करा.

गाडी असेल तर याच रस्त्यावर, नाफ्प्लियोपासून पंधराएक किलोमीटरवर, आर्कादिको गावाजवळ मायसिनी काळातला दगडी पूल आहे, सव्वातीन हजार वर्षांचा. ओढ्यावरची मोरीच म्हणा. पण रुंदी रथ जाईल एवढी, आणि अजून त्यावरून चालता येतं.

स्थळं बघून कंटाळा आला असेल तर अर्वानितियाहून समुद्राच्या कडेने तीन किलोमीटर चालत काराथोनाला जा. वाळू, उथळ पाणी, मुलांसाठी उत्तम. वाटेवर सावली कमी, म्हणून सकाळी जा आणि ओला टॉवेल डोक्यावर टाकून अकराच्या आत परत या. अथेन्सला जाणारी रविवार संध्याकाळची बस खचाखच भरते. त्या दिवशी निघणार असाल तर तिकीट शनिवारीच सिंग्रू रस्त्यावरच्या खिडकीतून काढून ठेवा.